पाय बधीर झाला म्हणजे नस कापली असं नाही
ताई, पॉलिप (छोटी मांसल वाढ) काढल्यावर डावा पाय तीन तास लुळा पडला आणि सगळ्यांनी 'नस कापली गेली' म्हणून घाबरवलं, असं तुम्ही लिहिलंत. नस खरोखर दुखावली, तर पाय एवढ्या लवकर पूर्ववत होत नाही. गर्भाशयमुखाच्या बाजूला किंवा प्युडेंडल नसेजवळ (जननेंद्रियाच्या भागाला संवेदना देणारी नस) दिलेलं लिग्नोकेन, म्हणजे जागा बधीर करणारं औषध, कधीकधी पसरतं. प्युडेंडल नस बैठकीच्या हाडाच्या काट्यामागून जाते आणि पायाची सायटिक नस तिथून फार लांब नसते. औषध तिथवर झिरपलं की पाय जड होतो, गुडघा दगा देतो. औषध उतरलं की ताकद परत येते. तोवर एकटीने उठू नये, एवढंच. पडून हात मोडायचा!

सुई टोचताना पायात वीज चमकल्यासारखी कळ गेली, तर लाज न बाळगता लगेच सांगायचं, म्हणजे डॉक्टर सुई मागे घेतात. ओठांना मुंग्या, कानात गुणगुण, तोंडात धातूची चव ही मात्र औषध रक्तात जास्त गेल्याची लक्षणं. म्हणूनच साध्या (ॲड्रेनलिन न मिसळलेल्या) लिग्नोकेनची मर्यादा साधारण वजनाच्या किलोमागे ४.५ मिलिग्रॅम धरतात. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला किंवा लघवी अडली, तर वाट बघू नका.