पोटदुखी नाही, पण अ‍ॅमायलेज दुप्पट. सीटी करायचा का?

प्रश्न:
पेशंट ४६ वर्षांचे. वार्षिक तपासणीत अ‍ॅमायलेज (स्वादुपिंड आणि लाळेतलं पाचक एन्झाइम) २४० (लॅबची वरची मर्यादा ११०), महिन्याने पुन्हा २३५. लायपेज (स्वादुपिंडाचं दुसरं एन्झाइम) नॉर्मल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) ०.९, सोनोग्राफीत काही नाही. पोटदुखी, उलट्या, वजन घटणं, दारू यांपैकी काहीच नाही. घरचे सीटीचा आग्रह धरून बसलेत. आधी काय पाहावं?

प्रतिसाद १:
सीटी तूर्त थांबवा. लायपेज नॉर्मल आणि एकटं अ‍ॅमायलेज सतत चढलेलं, म्हणजे आधी मॅक्रोअ‍ॅमायलेज शोधायचं. यात अ‍ॅमायलेज इम्युनोग्लोब्युलिनला (रक्तातल्या प्रतिपिंडाला) चिकटतं, रेणू मोठा होतो, मूत्रपिंडातून गाळला जात नाही आणि रक्तात साचतो. स्वादुपिंडाचा काही दोष नसतो.

रक्त आणि लघवी एकाच वेळी घ्या. चोवीस तासांची लघवी नको. त्यावरून गुणोत्तर काढा: (लघवीतलं अ‍ॅमायलेज गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन) भागिले (रक्तातलं अ‍ॅमायलेज गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन), गुणिले १००. समजा लघवीत अ‍ॅमायलेज १२० आणि क्रिएटिनिन १०० आलं, तर उत्तर ०.४५ टक्के. १ च्या खाली म्हणजे संशय बळकट. एककं मात्र जुळवून घ्या, घोळ तिथेच होतो. क्रिएटिनिन वाढलेल्या पेशंटमध्ये या आकड्यावर विसंबू नका.

प्रतिसाद २:
लॅबच्या बाजूने: खात्रीसाठी पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, मोठे रेणू खाली बसवणारं रसायन) चाचणी करता येते. सीरम आणि २५ टक्के पीईजी ६००० समप्रमाणात मिसळून सेंट्रिफ्यूज करायचं, वरच्या द्रावातलं अ‍ॅमायलेज मोजून दुप्पट करायचं. बहुतेक अ‍ॅमायलेज गाळात गेलं तर मॅक्रोअ‍ॅमायलेज. साधं अ‍ॅमायलेजही थोडं खाली बसतं, म्हणून शेजारी नॉर्मल सीरम चालवल्याशिवाय निकाल देऊ नये.

प्रतिसाद ३:
गुणोत्तर नॉर्मल आलं तर आयसोएन्झाइम (अ‍ॅमायलेज लाळेचं की स्वादुपिंडाचं हे सांगणारी चाचणी) करा. लाळेचं अ‍ॅमायलेज वाढलं असेल तर लालाग्रंथी तपासा. क्वचित फुप्फुस किंवा बीजाशयाच्या गाठीतूनही ते येतं.

लायपेजही वाढलेलं असतं तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी मधुमेहाची वगैरे औषधं विचारा: ग्लिप्टिन, लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड. सीलिअ‍ॅकची (ग्लुटेनमुळे आतड्याला होणाऱ्या आजाराची) चाचणी करा आणि एमआरसीपी (स्वादुपिंड व पित्तनलिकांचा एमआरआय) एकदा कराच, गाठ नजरेतून सुटता कामा नये. सगळं स्वच्छ निघालं तरच गुलो सिंड्रोम (आजार नसताना स्वादुपिंडाची एन्झाइम्स वाढलेली राहणं) म्हणायचं. त्यात आकडे रोज खालीवर होतात, एखाद्या दिवशी नॉर्मलही येतात. एका नॉर्मल रिपोर्टवर फाइल बंद करू नये.

तुमच्या पेशंटला मॅक्रोअ‍ॅमायलेज निघालं तर फाइलवर ठळक लिहा. पुढे कधी पोट दुखून कॅज्युअल्टीत गेले, तर तिथल्या डॉक्टरांनी अ‍ॅमायलेजवरून नव्हे, लायपेजवरून ठरवायला हवं.