आजीची रात्रपाळी

ख्रिस्ताची साक्ष द्यायची, म्हणजे आपली श्रद्धा लोकांपर्यंत पोचवायची, तर तोंड उघडावंच लागतं, नुसतं चांगलं काय कुणीही वागतं, असं काही जण म्हणतात. अर्धं पटलं. पण तोंड उघडायची वेळ समोरच्यानं आणली तर बोलण्याला वजन येतं, हे मी घरातच बघितलंय. आमची आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती, डॉ. वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेलं तेच. पत्रकं वाटणं तिला कधी जमलं नाही, लाजायची. रात्रपाळीत मात्र बेडपॅनसाठी मावशीची वाट बघत बसायची नाही, स्वतः उचलायची. पेशंटचं अंग पुसायच्या आधी पाणी आपल्या मनगटावर टाकून बघायची. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, तुम्हाला किळस नाही येत?" आजी म्हणाली, "येते की. म्हणून तर प्रार्थना करून ड्यूटीवर येते." एवढंच काय ते तिचं प्रवचन.

आणि दवाखानेच कशाला? पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनमधल्याच, म्हणजे त्यांनीच काढलेल्या आश्रमातल्या, बायका-मुलींनी छपाईचे खिळे जुळवून छापलं. हातानं एकेक अक्षर लावायचं, उलटा खिळा गेला की काढून बदलायचा, दिवसभर हेच. चर्चच्या वार्षिक अहवालात अशा कामाला रकानाच नसतो, ही माझी खरी तक्रार. बाप्तिस्मे किती, सभा किती, एवढंच विचारतात.