‘ड्राय’ वाईनला मराठीत ‘कोरडी’ म्हणावं का?

प्रश्न (म्हापसा)
आमच्याकडे उतरणाऱ्या पुण्या-कोल्हापूरच्या पाहुण्यांसाठी वाईन कशी चाखावी याचं एक पान मराठीत लिहितेय. ‘ड्राय’ला ‘कोरडी’ चालेल का? आणि टॅनिनला काय म्हणू? कुणीतरी ‘कषायद्रव्य’ सुचवलं, पण ते जेवणाच्या टेबलावर कसं ठेवायचं?

प्रतिसाद (फोंडा)
‘कोरडी’ नको, वाचणारा हमखास फसेल. ड्रायचा अर्थ एवढाच, की द्राक्षरसातली साखर यीस्टने जवळजवळ सगळी संपवली, गोडी उरली नाही. तोंड कोरडं पडण्याशी त्याचा काही संबंध नाही. नाशिकची सोव्हिन्यो ब्लां ही पांढरी वाईन बहुतेक वेळा ड्राय असते, पण घोट घेतला की तोंडाला पाणी सुटतं! ‘कोरडी’ वाचून पिणाऱ्याला वाटेल, आपल्यालाच चव कळत नाही. ‘बिनगोड’ लिहा.

तोंड कोरडं करतं ते टॅनिन, आणि त्याला आपल्याकडे ‘तुरट’ हा अगदी नेमका शब्द आहे. पाहुणे मार्च-एप्रिलमध्ये आले तर आधी काजूचं पिकलं बोंड चावायला द्या. जीभ आकसते, घसा धरतो, तो टॅनिनचाच गुण. लाल वाईन सालींसकट आंबवतात म्हणून साली-बियांतलं टॅनिन तिच्यात उतरतं. पांढऱ्या वाईनसाठी रस आधीच वेगळा काढतात, त्यामुळे तिच्यात ते फारच थोडं. तुरटपणा हा चवीपेक्षा स्पर्शच जास्त. लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटतात, लाळेचा ओशटपणा जातो आणि गाल, हिरड्या खरखरीत लागतात. पुष्कळ जण याला ‘कडू’ म्हणतात. पानावर हा फरक जरूर लिहा: कडूपणा जिभेला कळतो, तुरटपणा सगळ्या तोंडाला. तरुण, म्हणजे फार न मुरलेली लाल वाईन चाखताना या दोन शब्दांची गल्लत झाली तर पुढचं सगळं वर्णनच बिघडतं.

प्रतिसाद (मडगाव)
तुरट पटलं. ‘बिनगोड’ मात्र मधुमेहाच्या पथ्यासारखं वाटतं. बाटलीवर ‘ड्राय’ छापलेलं असतं, पोर्तुगीज बाटलीवर ‘सेको’, आणि त्याचाही शब्दशः अर्थ कोरडाच. मग ‘ड्राय’च ठेवावं. दुकानात तोच शब्द शोधायचा आहे ना?

प्रतिसाद (फोंडा)
ठेवा, पण अर्थ शेजारी हवाच, कारण बाटलीवरचा शब्दही सगळीकडे एकच सांगत नाही. फेसाळ वाईनचे युरोपीय नियम पाहा. ‘ब्रूट’मध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७, आणि नुसत्या ‘ड्राय’मध्ये १७ ते ३२! म्हणजे तिथे ‘ड्राय’ चांगलीच गोडसर लागते. ‘पोर्ट’ या गोड, कडक वाईनचंही तसंच. अस्सल पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. तो प्रदेश १७५६ मध्येच आखून दिला गेला. तिथे आंबवण सुरू असतानाच द्राक्षाचा स्पिरिट (कडक मद्य) घालून यीस्ट थांबवतात, म्हणून गोडी शिल्लक राहते. आपल्या दुकानांत स्वस्तात मिळणारी गोड लाल ‘पोर्ट’ ही ती नव्हे, हे पाहुण्यांना सांगायलाच हवं.

प्रतिसाद (डिचोली)
वासाबद्दल कुणीच बोललं नाही, आणि निम्म्याहून जास्त मजा तिथेच आहे. ग्लास एक तृतीयांशच भरा, हलके फिरवा, मग नाक आत घाला. नुसतं ‘सुवास छान’ लिहून भागत नाही. मराठीत दरवळ वेगळा, दर्प वेगळा. आंबूस, करपट, खमंग, उग्र हे सगळे रोजचे शब्द आहेत. बुचामुळे बिघडलेल्या बाटलीला तर ‘कुबट’ इतका चपखल शब्द दुसरा नसेल. गोव्यात एक पावसाळा काढलेल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. हा दोष ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाच्या द्रव्याचा. ते अपायकारक नसतं, पण फळाचा सगळा वास झाकून टाकतं. अशी बाटली ग्लास कितीही फिरवला तरी सुधारत नाही, बदलून मागावी. हॉटेलात पहिला घोट चाखायला देतात तो याचसाठी. वाईन आवडली की नाही, हे विचारण्यासाठी नव्हे.

प्रश्नकर्ती (म्हापसा)
‘बिनगोड (ड्राय)’ आणि ‘तुरट’ पक्कं केलं. ‘रूम टेंपरेचर’ला ‘खोलीचं तापमान’ लिहू ना?

प्रतिसाद (फोंडा)
ते तर मुळीच नको. ती खोली युरोपातली जुनी, थंड. लाल वाईनला १६ ते १८ अंश लागतात. आपल्या खोल्या मे महिन्यात ३० च्या वर असतात, त्या उष्णतेत अल्कोहोलच नाकात चढतं आणि बाकी काही कळत नाही. तिथे सरळ आकडा लिहा आणि खाली एक ओळ घाला: लाल वाईन वाढण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवावी.