मॉरिशसच्या किनाऱ्यावरील गावांत खरेदी कुठे करावी?

नदीकाठचा नाशिककर

नमस्कार. ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही उभयता, आई आणि दोन मुले असे मॉरिशसला जाणार आहोत. पहिला मुक्काम उत्तर किनाऱ्यावर ग्रां-बे येथे आणि त्यानंतरचा आग्नेय किनाऱ्यावर, विमानतळाजवळच्या ब्लू बे येथे आहे. प्रवास कंपनीने खरेदीसाठी अर्धा दिवस राखून ठेवला आहे. परंतु अशा अर्ध्या दिवसात गाडी कोणत्या दुकानापुढे उभी राहते, हे जाणत्यांना सांगायला नको. म्हणून ती सोय नाकारून स्वतंत्रपणे फिरावे, असा विचार आहे. नातेवाइकांना द्यायच्या लहानसहान वस्तू, थोडे टिकाऊ खाद्यपदार्थ आणि घरासाठी तिथेच तयार झालेली एखादी चांगली वस्तू, एवढीच आमची यादी आहे. कोणत्या गावात काय घ्यावे, घासाघीस चालते का आणि पैसे कसे द्यावेत, याविषयी माहीतगारांनी मार्गदर्शन करावे. आई शाकाहारी आहे आणि तिला उन्हात फार चालवत नाही, हेही कृपया लक्षात घ्यावे.

ऊसमळा

मी नोकरीनिमित्त येथे राहतो. किनाऱ्यावरच्या दुकानांत टांगलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच वस्तू मॉरिशसच्या नसतात, हे आधीच सांगून टाकतो. रंगीबेरंगी पारेओ (कमरेला गुंडाळायचे कापड), मण्यांच्या माळा आणि कोरीव लाकडी भांडी भारत, इंडोनेशिया, चीन आणि मादागास्कर या देशांतून येतात आणि त्यांवर डोडो पक्ष्याचे चित्र छापले की किंमत वाढते. भुलेश्वरात मिळणारी बांगडी ग्रां-बे येथे विकत घेऊन पुन्हा महाराष्ट्रात आणण्यात काही अर्थ नाही. त्यामुळे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर भर द्यावा, कपड्यांवर कमी खर्च करावा आणि मोठ्या दुकानांपेक्षा आठवडी बाजारांना प्राधान्य द्यावे, असे माझे मत आहे.

ग्रां-बे हे पर्यटकांचे गाव असल्यामुळे तिथल्या समुद्रालगतच्या दुकानांत भाव चढे असतात. मात्र त्याच गावातल्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये स्थानिक लोक किराणा भरतात आणि तुमची अर्धी यादी तिथेच पूर्ण होईल. बुआ शेरीच्या मळ्यातला व्हॅनिला घातलेला चहा, देमेरारा व मस्कोवाडो प्रकारची तपकिरी साखर, मिरचीचे वाटण असलेले माझावारू आणि मोहरी-हळद लावलेले भाज्यांचे आशार या वस्तू भेटवस्तूंच्या दुकानापेक्षा तिथे बऱ्याच स्वस्त पडतात. आशार आपल्या लोणच्याच्या इतके जवळचे आहे की तुमच्या आईंना ते नक्की आवडेल. साखरेत अधिक रस असेल, तर राजधानी पोर्ट लुईच्या वाटेवर बो प्लां येथे १९९९ साली बंद पडलेल्या साखर कारखान्यात आता संग्रहालय आहे. त्याच्या दुकानात वेगवेगळ्या प्रकारची साखर चाखून मग विकत घेता येते. मस्कोवाडोचा गडद, काकवीसारखा स्वाद एकदा जिभेवर आला की पांढरी साखर फिकी वाटू लागते.

पोर्ट लुईचा मध्यवर्ती बाजार सकाळी लवकर पाहावा. तळमजल्यावर भाजी, फळे आणि वनौषधींचे काढे विकणारे गाळे आहेत, तर वरच्या मजल्यावर पर्यटकोपयोगी वस्तू आहेत. वर गेल्यावर विक्रेते हाका मारतात आणि पहिली किंमत फुगवून सांगतात. तिथे घासाघीस केल्यास कोणी रागावत नाही. भाजी-फळांच्या गाळ्यावर मात्र बहुधा भावाची पाटी लावलेली असते आणि तिथे हुज्जत घालणे शोभत नाही. बाहेर पडताना गरम ढोलपुरी आणि थंड आलूदा (फालुद्यासारखे दुधाचे पेय) अवश्य घ्यावा. ढोलपुरीत चण्याच्या डाळीचे पुरण असते, पण ते गोड नसते. तिच्यासोबत मिळणारी भाजी शाकाहारी असल्याची खात्री करून घेतली की आईंच्या न्याहारीचा प्रश्न सुटेल. शनिवारी दुपारनंतर शहरातली बरीच दुकाने बंद होतात आणि रविवारी बाजारही दुपारपर्यंतच चालतो, त्यामुळे आठवड्यातला मधला वार निवडावा. उन्हाचा त्रास वाटला तर चालत जाण्याच्या अंतरावर कोदां वॉटरफ्रंट हे बंदरालगतचे खरेदी संकुल आहे. तिथे सावली, बसायला जागा आणि स्थानिक कारागिरांचे काही गाळे आहेत.

माहेबूरप्रेमी

ऊसमळा यांनी उत्तरेची माहिती उत्तम दिली आहे. मी दक्षिणेची भर घालते. ब्लू बेहून माहेबूर अगदी जवळ आहे आणि तिथला सोमवारचा बाजार, माझ्या मते, किनाऱ्यावरच्या सर्व बाजारांत सर्वांत आनंददायी आहे. इतर दिवशीही तिथे भाजीपाला मिळतो, पण सोमवारी कपडे, भांडी, टोपल्या, मसाले आणि खाद्यपदार्थ यांच्या रांगा समुद्राजवळच्या रस्त्यांपर्यंत पसरतात. गिऱ्हाइकांत आसपासच्या गावांतले लोक मोठ्या संख्येने असल्यामुळे भाव पोर्ट लुईच्या वरच्या मजल्याइतके फुगवलेले नसतात.

माहेबूरची खरी भेट म्हणजे कसाव्याची बिस्किटे. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा तयार होतो, तोच हा कंद. १८७० सालापासून एकच कुटुंब ही बिस्किटे तयार करत आले असून गावालगतच्या त्यांच्या छोट्या कारखान्यात कामाच्या दिवशी पाहुण्यांना आत नेऊन सर्व कृती दाखवली जाते. कंद किसून, पिळून, वाळवून त्याचे पीठ चाळतात. मग तापलेल्या लोखंडी तव्यावर चौकोनी साचे मांडून त्यांत कोरडेच पीठ भरतात आणि ते हाताने दाबून सारखे करतात. तव्याखाली उसाची वाळलेली पाने जळत असतात, त्यामुळे त्या खोलीत गूळ करपल्यासारखा मंद वास दरवळतो. बिस्किटे नारळ, दालचिनी, बडीशेपेसारख्या चक्रीफुलाच्या स्वादाची वगैरे मिळतात. ती किंचित भुसभुशीत असतात, म्हणून चहात बुडवताना घाई करावी लागते. डबे हलके असतात आणि प्रवासात टिकतात. नातेवाइकांसाठी यापेक्षा चांगली वस्तू मला तरी सुचत नाही.

घरासाठी वस्तू हवी असेल, तर वाकोआच्या पानांची पिशवी शोधावी. वाकोआ म्हणजे आपल्या केवड्याच्याच कुळातले झाड. पानांच्या काटेरी कडा काढून, ती वाळवून, पट्ट्या तिरप्या विणून पिशव्या करतात. पूर्वी या पानांच्या पोत्यांत साखर भरली जात असे आणि बाजारात जाताना घरोघरी हीच पिशवी वापरली जाई. शेजारच्याच गाळ्यावर मादागास्करहून आलेल्या राफियाच्या (एका ताडाच्या पानांच्या धाग्याच्या) टोपल्या टांगलेल्या असतात; त्या दिसायला अधिक रंगीत असतात, पण त्यांचा धागा बारीक आणि मऊ असतो. वाकोआची पट्टी रुंद, गुळगुळीत आणि ताठ असते. विकत घेण्यापूर्वी पिशवी उलटी करून तळाची वीण पाहावी आणि पट्टा जिथे जोडलेला आहे, तिथे थोडा ओढून बघावा.

रत्नाकर

पैशांविषयी थोडे लिहितो. १२ फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय व रूपे कार्डाची सुविधा सुरू झाली असली, तरी आठवडी बाजारात रोख मॉरिशियन रुपयेच चालतात, असे समजून जावे. पाचशे किंवा हजाराची नोट छोट्या विक्रेत्यापुढे धरण्यापेक्षा सुपरमार्केटमध्ये आधी सुटे करून घ्यावेत. दुकानांत किमतीत १५ टक्के मूल्यवर्धित कर समाविष्ट असतो. ठरावीक रकमेपेक्षा मोठी खरेदी झाल्यास परतावा विमानतळावर मिळू शकतो, पण त्यासाठी खरेदीच्या वेळीच दुकानदाराकडून कागद भरून घ्यावा लागतो. घरून कापडी पिशव्या न्याव्यात, कारण प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१६ पासून बंदी आहे.

शंख, शिंपले आणि प्रवाळ कितीही स्वस्त मिळाले, तरी घेऊ नयेत. प्रवाळाला आपल्याकडेही वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर मुलांच्या समोर सामान उघडून दाखवण्याची वेळ येणे बरे नव्हे.

नदीकाठचा नाशिककर

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी सकाळी माहेबूरला पोहोचता यावे, म्हणून ब्लू बेचा मुक्काम एक दिवस अलीकडे घेण्याची विनंती प्रवास कंपनीकडे केली आहे. दोन शंका उरल्या आहेत. बायकोला सुती कापड घ्यायचे आहे. त्यासाठी एखादी जागा आहे का? आणि पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः जिथे मराठी वस्ती आहे असे ऐकतो त्या भागात, खरेदीसाठी जाण्यासारखे काही आहे का?

ऊसमळा

कापडासाठी पोर्ट लुईमधला कोर्दरी रस्ता पाहावा. तिथे ओळीने कापडाची दुकाने आहेत. तयार कपडे हवे असतील तर कात्र-बोर्नचा बाजार गुरुवारी व रविवारी भरतो. तो किनाऱ्यावर नाही, पण पोर्ट लुईहून मेट्रोने सहज जाता येते आणि येथील कारखान्यांतून निघालेले निर्यातीचे कपडे तिथे कधी कधी फार चांगल्या भावात मिळतात. शिवण आणि बटणे मात्र तपासून घ्यावीत.

पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकच्या अलीकडे कास्कावेल हे गाव आहे. कोकणातून कंत्राटी मजूर म्हणून आलेल्या कुटुंबांचे वंशज तिथे राहतात, पण खास मराठी अशी काही खरेदी तिथे होत नाही. गावाजवळ नव्या पद्धतीचे मोठे खरेदी संकुल आहे. त्यातला चहा-साखरेचा माल ग्रां-बेसारखाच आहे, म्हणून केवळ खरेदीसाठी इतके दूर जाऊ नये. फ्लिक-आं-फ्लाकच्या समुद्रावर जाणार असाल, तर गाडीवर सोलून, मीठ-मिरची लावून देतात तो लहान अननस खावा.

सोमवारच्या बेताबद्दल एक सूचना आहे. २ नोव्हेंबर हा कंत्राटी मजुरांच्या आगमनाचा दिवस म्हणून येथे सार्वजनिक सुट्टीचा असतो आणि दिवाळीचीही सुट्टी असते. तुमचा सोमवार यांपैकी एखाद्या दिवशी येत असेल, तर बाजार भरणार आहे की नाही आणि बिस्किटांचा कारखाना उघडा राहील का, हे हॉटेलातून आदल्या दिवशी दूरध्वनी करून विचारून घ्यावे.