मदत हवी आहे : तापानंतर अंगभर फोड, कारण विषाणू की औषध?

भवानीपेठ : माझी थोरली बहीण सोलापुरातच एका रुग्णालयात दाखल आहे. आधी ताप आला, घसा दुखू लागला आणि डोळ्यांची आग होऊ लागली, तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी व्हायरल सांगून साध्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याच दिवशी छातीपाठीवर काळपट लाल चट्टे उठले, तोंड आतून सोलवटले आणि आता फोड येत आहेत. एक डॉक्टर विषाणूला दोष देतात, दुसरे औषधाला. विषाणूने इतके होऊ शकते का, एवढेच सांगावे. रुग्णालय बदलण्याचे सल्ले नकोत.

कंबरतलाव : साध्या गोळ्या म्हणजे कोणत्या? नावे आणि सुरू केल्याची तारीख कळल्याशिवाय कोणीही काही सांगू शकणार नाही.

शेंगाचटणी : ही सरळसरळ नागीण आहे. आमच्या ओळखीचे एक जाणते लेप देतात, पत्ता हवा असल्यास कळवावे.

कंबरतलाव : नागीण बहुधा शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. सोललेल्या कातडीवर कोणताही लेप लावू नये, ही कळकळीची विनंती.

भवानीपेठ : पॅरासिटामॉल आणि अमॉक्सिसिलिन. आता तरी उत्तर मिळेल का?

बाळीवेस : मग प्रश्नच मिटला. माझ्या मुलाला एपस्टीन-बार विषाणूचा ताप असताना अमॉक्सिसिलिन दिले गेले आणि तो अंगभर लाल झाला होता. विषाणू आणि औषध एकत्र आले की असे होते.

निवृत्त औषधनिर्माता : बाळीवेस यांनी सांगितलेले खरे आहे, पण ते पुरळ गोवरासारखे असते, त्यात सहसा तोंड सोलवटत नाही. ओठांवर तापाचे फोड उठवणाऱ्या हर्पिस विषाणूमुळेही तोंडात फोड येतात, मात्र त्यातले चट्टे मुख्यतः हातापायांवर, वलयांकित असतात. ताईंचे वर्णन मला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमकडे, म्हणजे कातडी आणि तोंड सोलवटणाऱ्या गंभीर विकाराकडे, झुकणारे वाटते, आणि मोठ्या माणसांत त्याचे कारण बहुतेकदा औषध असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताप, घसा आणि डोळ्यांची आग ही या विकाराचीच पहिली पायरी असू शकते, त्यामुळे त्या तापासाठी घेतलेल्या गोळीवर नाहक आळ येतो आणि खरे औषध पोटात जातच राहते. गेल्या दोन महिन्यांत दुसरे काय सुरू केले होते?

भवानीपेठ : चेहऱ्यात विजेसारख्या कळा येतात म्हणून साधारण तीन आठवड्यांपासून कार्बामाझेपिन चालू आहे. त्या गोळीचा कातडीशी काय संबंध?

निवृत्त औषधनिर्माता : अगदी निकटचा. ही प्रतिक्रिया बहुधा औषध सुरू केल्यापासून 4 ते 28 दिवसांत येते आणि कार्बामाझेपिन तिच्या ठळक कारणांपैकी एक आहे. उत्तराची वाट न पाहता गोळ्यांची पट्टी घेऊन आत्ताच वॉर्डातल्या डॉक्टरांना दाखवा. कातडी किती टक्के सुटली आहे, हेही विचारा, कारण 10 टक्क्यांच्या आत आणि 30 टक्क्यांच्या वर यांत जिवाच्या धोक्याचा फार मोठा फरक असतो.

बाळीवेस : म्हणजे विषाणू निर्दोष, असे आपण बसल्या जागी ठरवून टाकले?

निवृत्त औषधनिर्माता : तसे मी म्हटलेले नाही. ड्रेस नावाच्या औषध-प्रतिक्रियेत तर शरीरात सुप्त असलेला मानवी हर्पिस विषाणू 6 पुन्हा जागा होतो, आणि एचआयव्हीबाधितांमध्ये काही औषधांच्या गंभीर प्रतिक्रिया अधिक आढळतात. तपासण्या जरूर व्हाव्यात, परंतु विषाणूचा अहवाल येईपर्यंत संशयित गोळी चालू ठेवणे परवडणारे नाही.

भवानीपेठ : पट्टी दाखवली. गोळी तातडीने बंद केली आहे, आणि नेत्रतज्ज्ञांना बोलावले आहे. चेहऱ्याच्या कळांसाठी फेनिटॉइन चालेल, असे एका नातेवाइकाने सुचवले आहे.

निवृत्त औषधनिर्माता : मुळीच नको. कार्बामाझेपिन ज्यांना बाधते त्यांना फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोनही बाधू शकते. दुसरा पर्याय मेंदूविकारतज्ज्ञच ठरवतील, आणि ही तिन्ही नावे ताईंच्या केसपेपरवर ठळक अक्षरांत लिहून घ्या.

शेंगाचटणी : लेपाचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे.

कंबरतलाव : संपादकांनी वरील प्रतिसाद काढून टाकावा.