अप्पाकाकांच्या फॉरवर्डवरून

अप्पाकाका: (फॉरवर्ड) जो पहाटे चारला उठतो, दारू-सिगारेटला शिवत नाही, रजा घेत नाही, साधे कपडे घालतो तोच नेता चारित्र्यवान. पटलं तर दहा जणांना पाठवा.

दादा: काका, हिटलर सिगारेट ओढत नव्हता. दारूही नावालाच. फक्त उठायचा उशिरा, म्हणजे तेवढ्यावरच नापास 😀

अप्पाकाका: प्रत्येक वेळी टोकाचं उदाहरण कशाला?

आत्या: टोकाचं असेल अप्पा, पण मुद्दा बरोबर आहे त्याचा. व्यसन नाही म्हणजे स्वतःच्या जिभेवर ताबा आहे, एवढंच कळतं. हातात सत्ता आल्यावर दुसऱ्यांचं काय केलं ते कुठे कळतं? आणि उलटही बघ. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला लिंडन जॉन्सन १९४८ ला सिनेटची उमेदवारी ८७ मतांनी जिंकला. त्याआधी एका पेटीत मागाहून सुमारे २०० मतं वाढली होती आणि त्या मतदारांची नावं चक्क वर्णानुक्रमे! खासगीत काळ्या लोकांबद्दल तो जे शब्द वापरायचा ते इथे लिहवत नाहीत. त्याच माणसाने १९६४ चा नागरी हक्कांचा आणि १९६५ चा मतदानाच्या हक्काचा कायदा खासदारांच्या मानगुटीवर बसून मंजूर करून घेतला.

काकू: मग झालं की फिटंफाट.

ताई: आई, फिटंफाट कशी? एका खात्यातल्या जमेने दुसऱ्या खात्यातली तूट झाकली की आम्ही ऑडिटवाले शेरा मारतो. व्हिएतनाममध्ये त्याने सैन्य पाच लाखांवर नेलं, तेही त्याच्याच नावावर. वजाबाकी नाही करायची, दोन्ही रकाने उघडे ठेवायचे.

अप्पाकाका: तुमच्या रकान्यांचं राहू दे. माणूस चांगला की वाईट, एक काय ते सांगा.

आत्या: माझी कसोटी सोपी आहे. सत्ता सोडायची वेळ आली की कसा वागतो? अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. तिसऱ्यांदा उभा राहिला असता तर त्याला कोणी अडवलं नसतं. कायद्यात बंदी नव्हती. तरी १७९६ ला त्याने नाही म्हणून जाहीर केलं आणि १७९७ ला घरी गेला.

अप्पाकाका: 👏 याला म्हणतात चारित्र्य.

ताई: आणि ओना जज?

काकू: ही कोण आता?

ताई: वॉशिंग्टनच्या बायकोची गुलाम दासी. तेव्हा राजधानी फिलाडेल्फियात होती आणि पेनसिल्व्हेनियात १७८० पासून कायदा होता. बाहेरच्या मालकाचा गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला की त्याला मोकळं होता यायचं. म्हणून वॉशिंग्टन मुदत भरायच्या आत गुलामांना राज्याबाहेर फिरवून आणायचा. हे गुलामांना आणि लोकांना कळणार नाही अशा बेताने करा, असं त्याने आपल्या सचिवाला लिहिलं होतं.

अप्पाकाका: अगं, त्या काळी सगळेच तसे होते. आजच्या फुटपट्टीने कशाला मोजता?

ताई: फुटपट्टी त्या काळचीच आहे बाबा. कायदा त्यांच्या हयातीतला, त्याच शहरात लागू होणारा. आणि त्याला स्वतःला त्यात काहीच वावगं वाटत नसतं तर लपवाछपवी कशाला?

दादा: ओनाचं पुढे काय झालं?

ताई: मालकीणबाईंच्या नातीला तिला लग्नात भेट द्यायचं ठरलं होतं. १७९६ च्या मे महिन्यात घरचे जेवायला बसले असताना ती निसटली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला गेली. वॉशिंग्टनने माणूस मागावर घातला. तुमच्यानंतर मला मोकळं करणार असाल तर परत येते, असा निरोप आला. त्याने अट धुडकावली. शेवटपर्यंत प्रयत्न सोडले नाहीत. ती १८४८ पर्यंत जगली, कागदोपत्री फरारीच.

आत्या: 🙏 मग माझी कसोटी अर्धीच म्हणायची. ज्यांच्यासमोर आब राखायचा होता त्या सगळ्या देशासमोर नीट वागला. जिच्या नकाराला काडीची किंमत नव्हती तिच्याशी नाही वागला. आणि वर्ष एकच, १७९६.

अप्पाकाका: मृत्युपत्रात सोडले ना पण सगळे?

ताई: सगळे नाही. स्वतःच्या मालकीचे १२३, तेही बायकोच्या पश्चात. बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतल्या गुलामांना सोडायचा हक्क त्याला नव्हता. ओना त्यांच्यातली. पण बाबा, १२३ माणसं जमेला धरायचीच, मी खोडत नाही.

काकू: आणि नेत्यांची लफडी? ती कुठल्या रकान्यात?

आत्या: वहिनी, ती बहुतेक वेळा त्यांच्या घरच्यांनी बघावीत. माझं लक्ष असतं ते झाकायला खोटं कुणाशी बोलले याकडे. ब्रिटनचा युद्धमंत्री प्रोफ्युमो १९६३ ला संसदेत धडधडीत खोटं बोलला आणि त्यापायी गेला. पण नंतर कित्येक वर्षं पूर्व लंडनमध्ये गरिबांसाठीच्या संस्थेत राबला. ताईला अजून एक ओळ.

दादा: पण आत्या, कसोटीची दुसरी अर्धी बाजू आपल्याला तपासता येईल. ग्रुपवर सत्ता एकाच माणसाकडे आहे. त्याला "हे फॉरवर्ड खोटं आहे" असं एकाने सांगितलं, तो गेले पंधरा दिवस ग्रुपबाहेर आहे.

ताई: मी या विषयावर बोलणार नाही. नवरा आहे माझा.

काकू: अहो, खरंच की. जावईबापूंना काढलंत ते काढलंतच.

अप्पाकाका: ते चुकून दाबलं गेलं होतं.

आत्या: अप्पा.

*अप्पाकाकांनी जावईबापूंना ग्रुपमध्ये घेतले*

जावईबापू: नमस्कार सगळ्यांना 🙏 आधीचे मेसेज दिसत नाहीयेत. कशावरून चाललंय?

अप्पाकाका: वॉशिंग्टनवरून.