पावसाळ्यात मिग-२१ चा क्लिअर कोट: आत्ता मारू की दिवाळीपर्यंत थांबू?

मुलुंडचा_मिगवाला

नमस्कार मंडळी. मिग-२१ बिस या लढाऊ विमानाचं १/७२ चं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) प्लास्टिक मॉडेल बनवतोय. रंगकाम झालंय, वर हिरवा-तपकिरी कॅमो (लपण्यासाठीचे पट्टे), पोटाला निळसर राखाडी, सगळं अ‍ॅक्रिलिक, एअरब्रशने. आता ग्लॉस (चकचकीत क्लिअर कोट), डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं), वॉश (खाचांत भरायचा पातळ गडद रंग) आणि शेवटचा मॅट (बिनचमकीचा क्लिअर कोट) एवढंच बाकी आणि नेमकं इथे येऊन गाडी अडलीये कारण बाहेर जुलै आहे आणि आमच्याकडे टॉवेलसुद्धा दोन दिवस वाळत नाहीये.

एक मित्र म्हणतो दिवाळीपर्यंत कपाटात ठेव, हवा कोरडी झाली की मार. पण मला हे गणपतीत द्यायचंय. मामा एचएएलमध्ये (विमानं बनवणारी सरकारी कंपनी) ओझरला होता, ही बिस तिथेच बनायची, त्याने स्वतः त्यांच्यावर काम केलंय. २०२५ मध्ये २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा टीव्हीसमोर बसून पूर्ण वेळ अँकरच्या चुका काढत होता. गणपतीला तो आमच्याकडेच असतो, तेव्हा हातात द्यायचं असं ठरवलंय.

माझ्याकडे लॅकरचा मॅट स्प्रे कॅन आहे, एअरब्रश आहे, बेडरूमला एसी आहे आणि गॅलरी आहे जिथे मी रंग मारतो (शेजारच्या काकूंना वास येतो, तो वेगळा विषय). लोक म्हणतात पावसात क्लिअर पांढरा पडतो. खरंच एवढं होतं का? आणि होत असेल तर काय मारू?

शिवडीचा_फ्लेमिंगो

होतं. आणि ज्या विमानावर होतं ते पिठाच्या डब्यातून काढल्यासारखं दिसतं.

कारण सांगतो म्हणजे उपाय आपोआप कळेल. लॅकरमधलं थिनर फार झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, त्यामुळे तो कोट आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड पडतो. मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असणं रोजचंच, एवढ्या दमट हवेला बाष्प सोडायला जरासा थंडावा पुरतो. ते बारीक थेंब ओल्या कोटमध्ये बसतात, वरून कोट वाळतो, आणि झाला दुधी. याला ब्लशिंग म्हणतात. स्प्रे कॅनमध्ये जास्त होतं कारण आतला गॅस बाहेर पडताना फवारा अजून थंड करतो. लोक बाटलीला शिव्या देतात, बाटलीचा काही दोष नसतो.

झालंच तर घासायला घेऊ नकोस. कोट पूर्ण वाळू दे, मग जरा उघाडीच्या दिवशी एअरब्रशने नुसतं लेव्हलिंग थिनर हलकं भुरभुरव. त्यात रिटार्डर असतो, म्हणजे ते सावकाश उडतं, वरचा थर थोडा मऊ होतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. हलकं म्हणजे हलकं, ओथंबला की खालचा कॅमो वाहायला लागेल.

मात्र पांढरं पडण्याचा दुसराही एक प्रकार आहे, त्याचा पावसाशी संबंध नाही. मॅट व्हार्निशमध्ये जी पावडर असते ती तळाला बसते. बाटली नीट हलवली नाही किंवा एकाच जागी जाड मारलं की ती पावडर खाचांत आणि पंखांच्या मुळाशी साचते. तिथे थिनर भुरभुरवून भागत नाही, वरून ग्लॉसचा एक हात मारला तर बहुतेक वेळा खालचा रंग परत दिसतो, मग पुन्हा पातळ मॅट.

तुझ्यासाठी माझं मत: लॅकरचा कॅन ऑक्टोबरनंतर वापर. आत्ता पाण्याचं अ‍ॅक्रिलिक व्हार्निश घे. ते वाळायला वेळ खातं, पण दुधी पडायचा धोका खूपच कमी.

घाटकोपर_हँगर

फ्लेमिंगोशी सहमत, पण एसी असताना एवढं घाबरायचं कशाला? ड्राय मोडवर तासभर खोली चालू ठेव, एक डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा) घे, स्वस्तात मिळतो, आकडा ६० टक्क्यांच्या खाली आला की बिनधास्त मार. मी हायग्रोमीटरशिवाय पावसाळ्यात बाटलीचं झाकणसुद्धा उघडत नाही.

फक्त दोन गोष्टी. पहिली, विमान, रंग, एअरब्रश सगळं आधीपासून त्याच खोलीत हवं. विमान एसीत ठेवून मारायला गॅलरीत नेलंस तर एसी लोकलमधून दादरला उतरल्यावर चष्म्याचं जे होतं तेच विमानाचं होईल, आणि त्यावर तू कोट मारशील. मारायचं तिथेच आणि वाळवायचंही तिथेच. दुसरी, कॉम्प्रेसर दमट हवा दाबतो तेव्हा पाणी नळीत उतरतं आणि मधेच टपकन थेंब मॉडेलवर येतो, म्हणून मॉइश्चर ट्रॅप लाव. नसेल तर नागदेवी स्ट्रीटला हवेच्या फिटिंगच्या दुकानांत मिळेल, पण जुना फिटिंगचा तुकडा बरोबर ने, नाहीतर थ्रेड जुळत नाही आणि परत मशीद बंदर गाठावं लागतं.

आणि हो, बंद खोलीत लॅकर नको म्हणजे नकोच. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच हवा फिरवतो, म्हणजे तोच वास तू रात्रभर घेणार. शिवाय ते पेट घेणारं असतं. एन-९५ मास्क कण अडवतो, वाफ नाही, त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिजवाला मास्क लागतो. पाण्याच्या व्हार्निशलाही मास्क आणि थोडी फट लागतेच पण निदान घरच्यांना दुसऱ्या खोलीत पाठवावं लागत नाही.

मुलुंडचा_मिगवाला

दोघांचे आभार, कळलं. कॅन कपाटात गेला, हायग्रोमीटर मागवलाय. पाण्याचं व्हार्निश एअरब्रशनेच मारायचं का ब्रशने चालेल? आणि दुसरं म्हणजे डिकल. किटमध्ये वायुसेनेची मार्किंग नाहीत, म्हणून राउंडेल (वायुसेनेचं गोल चिन्ह) आणि नंबर ट्रान्सपरंट डिकल पेपरवर प्रिंट करून आणलेत, लेझर प्रिंट. कागदावर मस्त दिसतायत.

जुना_पार्लेकर

कागदावर दिसणारच रे बाळा, कागद पांढरा आहे.

साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. जिथे पांढरं हवं तिथे तो काही छापतच नाही. आपलं राउंडेल म्हणजे बाहेर केशरी, मग पांढरं, मधे हिरवं. ते तू ट्रान्सपरंट पेपरवरून हिरव्या-तपकिरी पंखावर चिकटवलंस की पांढऱ्या कड्यातून कॅमो दिसणार, केशरी मातकट होणार आणि मधला हिरवा तर पंखात विरघळूनच जाणार. मामा ओझरचा म्हणतोस ना, पहिली नजर तिथेच जाईल.

दोन मार्ग आहेत. एक, पांढरा डिकल पेपर आणून त्यावर पुन्हा प्रिंट घे आणि गोल अगदी काठाला काप. काठावर पांढरी रेघ राहते तिला बारीक ब्रशने केशरी रंग लाव. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, विमानावर आधी पांढऱ्या रंगाचा गोल मारायचा आणि त्यावर तुझं ट्रान्सपरंट राउंडेल. गोलासाठी इंजिनिअरिंग ड्रॉइंगला वापरतात ती हिरवी सर्कलची पट्टी आण, अब्दुल रहमान स्ट्रीटवर कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळते, मास्किंग टेपवर नव्या ब्लेडने गोल काप आणि पांढरा पातळ पातळ मार. पांढरा गोल राउंडेलपेक्षा केसभर लहान ठेव म्हणजे बाहेर डोकावणार नाही. काळे नंबर ट्रान्सपरंटवर आहेत तसेच चालतील, काळ्याला पाठीमागे पांढरं लागत नाही. लेझर प्रिंट पाण्यात सहसा सुटत नाही, तरी वर क्लिअरचा एक हात असू दे. इंकजेट असतं तर क्लिअरशिवाय पाण्यात घातल्याबरोबर रांगोळी झाली असती.

ब्रशचं विचारलंस. पाण्याचं व्हार्निश ब्रशने मस्त बसतं, रुंद मऊ सपाट ब्रश, एका दिशेने, आणि एकदा फिरवलं की परत त्या जागी जायचं नाही. बुडबुडे येतात ते बाटली जोरात हलवल्यामुळे, हलवून थोडा वेळ ठेव. पण तुझा कॅमो अल्कोहोलवाल्या अ‍ॅक्रिलिकचा असेल, उदाहरणार्थ तामिया, तर त्यावर तामियाचाच एक्स-२२ ग्लॉस ब्रशने लावू नकोस. तो खालचा रंग उचलतो आणि कॅमोची चटणी होते. एअरब्रशने पातळ मारला तर चालतो. ब्रशनेच करायचं तर वॅलेहोसारखं पाण्याचं घे.

डिकलच्या आधी ग्लॉस का, तर मॅट रंग जवळून खरखरीत असतो, डिकलखाली त्या खड्ड्यांत हवा राहते आणि तिरक्या उजेडात ती चांदीसारखी चमकते. ग्लॉसवर डिकल सपाट बसतं. कोमट पाण्यात अर्धं मिनिट, मग बाहेर काढून कागदावरच ठेव, आपणहून सरकायला लागलं की मग उचल. खाली मायक्रो सेट (डिकल धरायला मदत करणारं द्रव), जागेवर आलं की कापसाच्या बोळ्याने पाणी टिपायचं, मग वरून मायक्रो सोल (डिकल मऊ करणारं द्रव). सोल लावल्यावर डिकलला सुरकुत्या पडतील आणि तुला घाम फुटेल. हात लावायचा नाही. चहा करून ये. वाळलं की ते पॅनेलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) खाचांत आपोआप उतरतं. घरच्या प्रिंटवर सोल आधी एखाद्या फालतू तुकड्यावर करून बघ, काही पेपर त्यात फारच मऊ पडतात.

चेंबूर_एअरफोर्स

सोल लावून चहा करायला गेलो आणि परत आलो तर मांजर विमानाशेजारी बसलेलं. दार लावून चहा करा.

रिव्हेट_मोजणारा

वॉशबद्दल कुणी काही बोललं नाही म्हणून लिहितो, आणि यात माझं मत बऱ्याच लोकांना पटत नाही.

मिग-२१ चा पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ ला जेमतेम १० सेंमी. एवढ्याशा मॉडेलवर पॅनेलची खाच समजा ०.२ मिमी आहे, तर ७२ ने गुणा, १४.४ मिमी! खऱ्या विमानावर बोट जाईल एवढ्या फटी असत्या तर ते उडालंच नसतं. किटवाले खाच जाड देतात कारण साच्यात त्याहून बारीक काढणं अवघड असतं, ठीक आहे, पण आपण वरून त्यात काळाकुट्ट वॉश भरतो आणि विमान फरशी बसवल्यासारखं दिसतं. वरळीला नेहरू सायन्स सेंटरमध्ये मरुत हे जुनं लढाऊ विमान ठेवलंय, एकदा जाऊन थोडं लांबून बघा, रेघा किती दिसतात ते. (रंग मात्र तिथून उचलू नका, प्रदर्शनातली विमानं नंतर रंगवलेली असतात.)

म्हणून काळा नको. कॅमोच्या हिरव्यावर गडद तपकिरी, पोटाच्या राखाडीवर मूळ रंगापेक्षा दोन छटा गडद राखाडी, बस. कॅमलचा ऑइल कलर चालतो, बर्न्ट अंबर आणि थोडा काळा. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवा म्हणजे जास्तीचं तेल पुठ्ठा पितो, नाहीतर या हवेत तो आठवडाभर चिकट राहील. मग मिनरल टर्पेंटाइनमध्ये चहाच्या रंगाइतका पातळ करून बारीक ब्रशने खाचेला नुसता टेकवायचा, तो आपला आपण पळत जातो. जरा वाळला की कोरड्या बोळ्याने पुसायचा, आणि पुसताना हवा ज्या दिशेने वाहते त्या दिशेने, म्हणजे पंखावर पुढून मागे. जे थोडं उरतं ते खऱ्या मळासारखं दिसतं.

टर्पेंटाइन कोटाखाली उघड्या प्लास्टिकला भिडू देऊ नका. लँडिंग गियरच्या जोडात साचलं तर पाय मोडतात, आणि मिग-२१ चे पाय असेही काटकुळे. आणि डिकल लावल्यावर पुन्हा एक ग्लॉसचा हात, त्यानंतर वॉश. डिकलवर थेट वॉश केला तर कडेने मळ धरतो.

मुलुंडचा_मिगवाला

१४.४ मिमी हे मामाला सांगणार, तो खूश होईल. पांढऱ्या गोलाचं काम या रविवारी. शेवटचा प्रश्न, कॅनोपीवर (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) मास्किंग टेप लावलेलीच आहे, रंग मारल्यापासून. ती मॅट कोटनंतरच काढायची ना? आणि कॅनोपी उघडी चिकटवायचीये, आतलं हिरवट-निळं कॉकपिट दिसलं पाहिजे, त्यावर बरीच मेहनत घेतलीये. फेविक्विक चालेल?

घाटकोपर_हँगर

फेविक्विक अजिबात नको. त्याची वाफ काचेवर आतून पांढरी बसते आणि ती पुसायला मग कॅनोपी परत काढावी लागते. साधा पांढरा फेविकॉल लाव टूथपिकने. वाळला की पारदर्शक होतो आणि जास्त झाला तर ओल्या बोळ्याने पुसता येतो. पावसात तो सावकाश धरतो, म्हणून रात्री लावून एसीच्या खोलीत सोडून दे, सकाळपर्यंत टेकू असू दे.

शिवडीचा_फ्लेमिंगो

टेप मॅटनंतरच काढायची हे बरोबर, पण रंग मारल्यापासून तीच असेल तर आज काढ. या दमट हवेत जुन्या टेपचा गोंद काचेवर राहतो. नवीन टेप लाव, मॅटच्या आदल्या दिवशी लावलीस तरी चालेल. जुन्याचा गोंद राहिलाच असेल तर थिनर लावू नकोस, काच धुरकट होते. त्याच टेपचा ताजा तुकडा चिकटवून उचलत राहा, गोंद गोंदाबरोबर निघून येतो. काढताना टेप सरळ वर ओढू नकोस, स्वतःवर दुमडत ने. आणि फ्रेमच्या कडेने आधी ब्लेड हलकं फिरव, नाहीतर टेपबरोबर फ्रेमचा रंगही येतो.